मुर्गा भी

सगळं नीट जमलं असतं तर सुंदरराव पाटलाला जिभळी मिळणार होती.

जिभळी म्हणजे लव्हाळवाडीच्या तळ्यात घुसलेली गाळाची पट्टी. दिवाळी झाली, पाणी ओसरू लागलं की तळं जीभ काढून दाखवतं, म्हणून जिभळी. सव्वादोन एकर. नांगर नको, खत नको, मोट नको. ओल्या गाळात बी टोचायचं आणि घरी येऊन निजायचं. पाटलाचा स्वभाव जमिनीत उतरला असता तर तिला हाच आकार आला असता.

पाटील आपला नफा बोटांच्या पेरांवर मोजत असे. पहिलं पेर: हरभरा. दुसरं पेर: हरभऱ्यामागून टरबूज. तिसरं पेर: जिभळी त्याच्या मळ्याला चिकटलेली, म्हणजे मळ्यापासून पाण्यापर्यंत सलग आपलीच वाट. चौथं पेर: खुद्द तालुकदारसाहेबाच्या हातून, गावादेखत, पट्टा मिळाला तर नांदूरघाटच्या पाटलाचं काय तोंड होईल ते. हे चौथं पेर तो रोज दोनदा मोजी.

खर्चाच्या बाजूला एक बकरा, दोन शेर तूप आणि थोडं खोटं बोलणं. खोटं घरचंच असल्यानं तो ते धरत नसे.

अडचण एकच होती, आणि ती रोज पहाटे गोफण घेऊन जिभळीवर उभी असायची. तिचं नाव केसरबाई.

बारा वर्षांमागं तळ्याची पाळ फुटायला आली, तेव्हा केसरबाईचा नवरा धर्मराज मातीचं पोतं घेऊन भगदाडात उतरला. पोतं राहिलं, धर्मराज गेला, गाव वाचलं. गावानं त्याची फेड आपल्या ऐपतीनं केली, म्हणजे स्वस्तात केली. गाळाच्या बाकीच्या पट्ट्यांसाठी दरसाल चिठ्ठ्या टाकत. जिभळीची चिठ्ठी टाकायची नाही, ती केसरबाईनं पेरायची, असं पारावर ठरलं. तोंडीच ठरलं. कागद कुणी केला नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले होते आणि ओल्या डोळ्यांनी माणूस लिहीत नाही. पण तोंडी ठरावाचं असं असतं, की तोंडं म्हातारी होतात. बारा वर्षांत ठरावाची निम्मी तोंडं मातीत गेली आणि उरलेल्या निम्म्यांना पाटलाच्या बैलांची गरज पडू लागली.

तेव्हा पाटलानं बीडला जाऊन अर्ज लिहवून आणला. अर्ज उर्दूत होता, कारण निजामाच्या दफ्तरात जमीन उर्दूतच मिळे. त्यात लिहिलं होतं की सदर जमीन बारा सालांपासून अर्जदार सुंदरराव याच्याच कब्जात आहे. बारा हा आकडा त्यानं केसरबाईचाच उचलला. नवा कशाला घडवायचा. अर्ज पुढं गेला आणि फसली सन तेराशे पंचवीसच्या मार्गशीर्षात, हरभरा वीतभर झाला असताना, घोडेस्वार हुकूम घेऊन आला. तालुकदारसाहेब चार दिवसांनी लव्हाळवाडीच्या तळ्यावर येणार.

हुकूम उघडला राधाकिशन पटवाऱ्यानं. उर्दू येणारी माणसं गावात दोन. एक मुल्लाभाई, ज्याला ती येत होती. दुसरा राधाकिशन, ज्याला ती येते असं दफ्तरात नोंदलेलं होतं. नावं आणि आकडे तो वाची. मधला मजकूर तो नावांच्या आणि आकड्यांच्या वजनानं ताडी.

"तालाब पर," राधाकिशन बोट फिरवत म्हणाला, "मुर्गा... भी... जितनी ज्यादा हो, बेहतर. शोर हरगिज न हो."

"म्हंजी?" पाटलानं विचारलं.

"म्हणजे तळ्यावर मुर्गा भी जितका जास्त तितका चांगला. आणि गलका अजिबात नको."

"भी म्हंजी काय?"

"भी म्हणजे सुद्धा." राधाकिशननं चष्मा वर केला. "सगळी मेख ह्या 'भी'मध्ये आहे, पाटील. साहेब बकरा धरूनच चालला आहे. तो काय लिहून मागायचा असतो? वर मुर्गा 'भी'. मोठ्या माणसाचं मागणं असंच. अर्धं लिहायचं, अर्धं आपण समजायचं."

दाराशी गावचा सेतसिंधी हरिबा काठी टेकून उभा होता. वर्दी नेणं, दवंडी देणं, पहारा करणं ही त्याची कामं. तो हळूच म्हणाला, "मालक, एकडाव मुल्लाभाईला दाखवावं का?"

"कावून? मी मेलोय का?" राधाकिशन म्हणाला, आणि मुल्लाभाईचा विषय संपला.

घरी तुळजाबाईनं हे ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नवरा मोठं बोलू लागला की आधी जाळ कमी करायचा, ही तिची रीत.

"आवं, पर साहेब कोंबडी खायाला बीडाहून हितवर येयलाय व्हय? बीडात कोंबड्या मेल्या का समद्या?"

"तुला न्हाई कळायचं. तळ्यावरची हवा लागती त्यान्ला."

"हवा खायची तर मंग कोंबडी कशाला?"

"भी!" पाटील म्हणाला. "हवा भी, कोंबडी भी. हुकूम हाय."

दुसऱ्या दिवशी हरिबानं गावभर दवंडी दिली: "पाटलाच्या हुकमानं, घरटी एक कोंबडं तळ्यावर आणून द्यावं हो! लंगडं चालायचं न्हाई, रोगट चालायचं न्हाई हो!" संध्याकाळपर्यंत सदतीस जमली. भिवराबाईची खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठवून नेली तेव्हा ती हरिबाच्या सात पिढ्यांना घेऊन बोलली, आणि हरिबानं काठीवर हनुवटी टेकून ते सगळं ऐकून घेतलं. हुकूम मालकाचा, शिव्या हरिबाच्या, ही वाटणी जुनीच होती. केसरबाईनं मात्र न मागता आपला तांबडा कोंबडा आणून दिला. म्हातारा होता, पण आवाजाचा खणखणीत.

"काढून घ्यायची येळ यायच्या आगुदरच दिला बग," पाटील राधाकिशनला म्हणाला. "बाई शहाणी झाली."

आता उरला गलका. त्यात दोन भानगडी होत्या. पहिली, कोंबडे पहाटे बांग देणारच. यावर तोड गावातच होती: कोंबड्याला बांग द्यायची तर मान ताठ वर करावी लागते. मान वर करता येणार नाही असं बुटकं डालगं वर पालथं घातलं की कोंबडा रात्रभर विचार करतो, पण बोलत नाही. पाटलानं सदतीस बुटकी डालगी विणून घेतली, वर ओली फडकी टाकली, पाय बांधले.

दुसरी भानगड आडयांची. आडया म्हणजे हिवाळ्यात तळ्यावर उतरणारी रानबदकं. त्या वर्षी इतकी उतरली होती की लांबून पाण्याला खरूज झाल्यासारखी दिसे. रात्रभर त्यांचा कलकलाट, आणि अंधारात जिभळीवर चढून हरभऱ्याचे शेंडे खुडायचा त्यांचा उद्योग. त्यांच्यापायीच केसरबाई गोफण घेऊन उभी असे. साहेबाचा तंबू तळ्याकाठी पडणार, आणि हुकमात स्पष्ट: शोर हरगिज न हो.

पाटलानं म्हाळू भोयाला तळ्यावर बोलावलं. म्हाळूचा जन्म तळ्यावर गेलेला. मासे धरायचा, शिंगाडे काढायचा, ताफ्यावर, म्हणजे लाकडाच्या तराफ्यावर, उभा राहून तळं ओलांडायचा.

"तीन दिसात येक आडी दिसता कामा न्हाई," पाटील म्हणाला.

म्हाळू डोकं खाजवत राहिला. "हाकलायची? कावून मालक? साहेब येयलाय, आन् आडया हाकलायच्या?"

"साहेबाची झोप मोडंल बे!"

"साहेब तळ्यावर झोपायला येयलाय व्हय?"

"तुला काय कळतंय बे हुकमातलं? मासे धर तू."

म्हाळूनं तोंड उघडलं होतं. पण जिभळीच्या बांधावर केसरबाई उभी होती, गोफण गुंडाळत ती म्हणाली, "म्हाळूदादा, पाटील म्हनतेत तर हाकल की. मोठ्या मान्साला काय सांगायलास? माजी गोफण पायजे तर घ्या पाटील. नेम बी दावते पोरान्ला."

पाटलाला तिचा सुस्वभाव पाहून जरा वाईटसुद्धा वाटलं. पण फार नाही.

तीन दिवस गाव तळ्याभोवती फिरलं. हलग्या वाजल्या, गोफणी सुटल्या, म्हाळूचा ताफा पाण्यात उलटसुलट गेला. हलगी बडवायला पाटलानं पदरचा गूळ वाटला, कारण उपाशी माणूस हलगी मवाळ वाजवतो. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेवटचा थवा उठला, तळ्यावर एक चक्कर मारली आणि वडवणीच्या दिशेनं निघून गेला. मागं एक बगळा राहिला. तो मुका, म्हणून त्याला ठेवला.

केसरबाईचा हरभरा त्या तीन रात्रींत बोटभर वाढला. कितीक वर्षांत ती पहिल्यांदा तीन रात्री घरात निजली. हे कुणी मोजलं नाही, कारण पाटलाच्या पेरांवर तिच्या झोपेसाठी जागा नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब आला. बरोबर मुन्शी, बारा शिपाई आणि हैदराबादेहून आलेला एक गोरापान पाहुणा. साहेब आणि पाहुणा, दोघांच्याही खांद्याला बंदुका. पाटलानं रेशमी काठाचा रुमाल बांधला होता. तो तीनदा वाकला.

साहेबानं तळ्याकडं पाहिलं. तळं आरशासारखं होतं. आरशात एक बगळा.

"पाटील," साहेब म्हणाला, "मुर्गाबी कहाँ हैं?"

"हाजीर हाय सरकार!" पाटलाची छाती रुमालाइतकी फुगली. "सदतीस!"

"सैंतीस?" साहेबानं पाहुण्याकडं पाहिलं. "गिन के रखे?"

"येकूणयेक मोजल्या सरकार. पाय बांधून ठिवल्यात. पळायचा सवालच न्हाई."

"पाँव बाँध के?" पाहुण्यानं बंदूक खाली केली.

"आन् गलका बी न्हाई सरकार. शोर हरगिज न हो!" पाटलानं हरिबाला खूण केली. हरिबानं फडकी ओढली, डालगी उचलली, आणि लव्हाळ्याच्या कडेला सदतीस कोंबड्या एका रांगेत साहेबाकडं पाहू लागल्या. तीन दिवस मान मोडून बसलेला केसरबाईचा तांबडा कोंबडा हळूहळू उठला, मान सरळ केली, ती खरंच सरळ होतेय याची खात्री केली, आणि तीन दिवसांच्या तुंबलेल्या बांगा त्यानं एकदम मोकळ्या केल्या.

पाहुणा आधी खोकला, मग हसू लागला, आणि मग दगडावर बसूनच हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. साहेब मात्र हसला नाही. त्यानं या पाहुण्याला हैदराबादेत सांगितलं होतं, की आमच्या मुलखातल्या एका तळ्यावर मुर्गाबी इतकी, की डोळे मिटून बंदूक उडवा. डोळे मिटूनच उडवावी लागणार होती आता.

"मुर्गाबी," साहेब एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "पानी का परिंदा होता है. जंगली बतख."

पाटलानं राधाकिशनकडं पाहिलं. राधाकिशन बगळ्याकडं पाहत होता.

"हम ने सुना था यहाँ हजारों हैं. किसने उड़ाए?"

कुणी बोललं नाही. कोंबडा बोलला.

साहेब पाण्याच्या कडेनं चालत गेला. जिभळी हिरवीगार पसरली होती, कडेला गोफणीचे दगड पडले होते, एक हलगी सुद्धा विसरून राहिली होती. साहेब अडाणी नव्हता. रानबदक पिकाचं काय करतं आणि पीकवाला रानबदकाचं काय करतो, हे त्याला ठाऊक होतं.

"ये खेत किसका है? जिसका खेत, उसीने अपनी फसल के वास्ते उड़ाए. बुलाओ उसको. मुचलका लिखवा के बीड ले चलो."

मुन्शी तत्पर माणूस होता. त्यानं बस्ता सोडला, एक कागद काढला. "सरकार, इसी जमीन की अर्जी है. सुंदरराव पाटील. बारा साल से इन्हीं के कब्जे में है."

"बारा साल!" साहेब वळला. "तो बारा साल से हमारे परिंदे तुम उड़ा रहे हो?"

पाटलाच्या हाताची बोटं आपोआप मिटली. पहिलं पेर हरभरा, दुसरं टरबूज. तिसऱ्या पेरावरची सलग वाट आता मळ्यापासून थेट बीडच्या कोठडीपर्यंत जाताना दिसू लागली. चौथ्या पेरावर नांदूरघाटचा पाटील होता. तो हसत होता.

"न्हाई सरकार!" पाटील ओरडला. "माजी न्हाई! देवाशपथ माजी न्हाई ती जमीन! केसरबाईची हाय! समद्या गावाला ठावं हाय! धर्मराज पाळीत गेला, तवापासून तिचीच हाय!"

ठरावाची जी तोंडं मेली होती, त्या सगळ्यांच्या वतीनं एकटा पाटील बोलत होता, आणि काय सुरेख बोलत होता.

"और ये अर्जी?"

"लिवणाऱ्याची चूक सरकार. मला उर्दू येत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्या कामी आलं.

"बयान लिखो," साहेब म्हणाला. मुन्शीनं तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: सदर जमीन बारा सालांपासून केसरबाई जौजे धर्मराज हिच्या वहिवाटीत असून पाटलाचा तिच्यावर कसलाही दावा नाही. या खेपेला मुल्लाभाईला बोलावून वाचून घेतलं. पाटलानं खाली मोडीत सही केली, अशी झोकदार, की बीडच्या दफ्तरात कुणालाही वाचता यावी.

मग केसरबाईला पुढं बोलावलं. ती पदर सारखा करून आली. साहेबानं विचारलं, पक्षी तू हाकललेस का.

"माजी गोफण होती सरकार, खोटं कावून बोलू. पर ती पाटलानं मागितली. मी तर तीन राती घरात निजले व्हते. इचारा हरिबाला."

हरिबाला विचारलं. हरिबा आयुष्यभर दुसऱ्याचा हुकूम ओरडत आलेला माणूस. त्याला वेगळी साक्ष देता येत नव्हती. तो ताठ उभा राहिला आणि त्यानं आडया हाकलायची दवंडी जशीच्या तशी, त्याच आवाजात दिली: "पाटलाच्या हुकमानं, घरटी येक गडी हलगी नायतर गोफण घेऊन तळ्यावर यावा हो! येक आडी ऱ्हाता कामा न्हाई हो!"

पाहुणा नुकता दगडावरून उठला होता, तो पुन्हा बसला.

साहेबानं कोठडी केली नाही. पाहुणा इतका हसला होता, की हैदराबादेत ही गोष्ट साहेबाच्या नावावर निदान दोन वर्षं चालणार होती, आणि तीही एक शिकारच. पण हुकूम सोडला. जिभळीची वहिवाट केसरबाईच्या नावानं दाखल व्हावी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तळ्यावर हलगी नाही, गोफण नाही. पक्षी येतील, बसतील, खातील. जिभळीवर ते जे खातील, ते पाटलानं बाईला भरून द्यावं.

"मुर्गाबी का पूरा इंतजाम," घोड्यावर बसताना साहेब म्हणाला, "आज से तुम्हारे जिम्मे."

साहेब गेल्यावर पाचव्या दिवशी आडया परत आल्या. गोफण बंद झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. त्यांना उर्दू येत असावी.

त्या संध्याकाळी पाटील पाळीवर बसला होता. म्हाळू जाळं झटकत जवळून चालला.

"म्हाळू, तुला ठावं होतं का रं मुर्गाबी म्हंजी काय?"

"व्हय की. दोन सालामागं चकलांब्याकडं गेलतो न्हवं, येका साहेबाच्या शिकारीला. पाण्यात पडल्याली मुर्गाबी मीच काढून देत होतो."

"मंग सांगितलं कावून न्हाई बे?"

"सांगायलो होतो की," म्हाळू म्हणाला. "तुमी म्हनले, तुला काय कळतंय, मासे धर. धरले."

कुणाचं किती गेलं, त्याचा ताळा असा. बकरा पाटलाचा, साहेब न जेवता गेला, पण शिपाई जेवले. तूप पाटलाचं, गूळ पाटलाचा. कोंबड्या सदतीस, शिपायांनी नऊ खाल्ल्या, अठ्ठावीस उरल्या. त्या परत नेताना ज्यानं त्यानं आपली म्हणून सगळ्यांत जाड ती उचलली, आणि शेवटी तुळजाबाई आली तेव्हा डालगी तेवढी होती. भिवराबाईची अंडी थंड झाली होती. ती वाया गेली, आणि तिच्या शिव्या हरिबाच्या खात्यावर जमा राहिल्या. राधाकिशन पटवाऱ्याचं काहीच गेलं नाही. त्याला उर्दू येते ही नोंद दफ्तरात तशीच राहिली.

केसरबाईचा कोंबडा म्हातारा म्हणून शिपायांनी खाल्ला नाही. तो जिभळीवर मोकळा फिरू लागला.

हरभरा निघाल्यावर, चैत्रात, केसरबाई पाटलाच्या ओसरीला आली. बगलेत पायली होती, आणि ती स्वतःच्या घरची होती.

"किती खाल्लं म्हनतीस आडयांनी?" पाटलानं कणगीकडं न बघता विचारलं.

"चार पायल्या."

"चार? कुणी मोजलं?"

"तुमीच मोजायचं की पाटील. तुमच्या जिम्म्याला होत्या न्हवं का?"

आतून तुळजाबाई हसल्याचा आवाज आला, किंवा चुलीतलं लाकूड मागं ओढल्याचा असेल. पाटील उठला. त्यानं चार पायल्या मोजल्या, काठाला काठ सपाट. केसरबाईनं पदर धरूनच ठेवला होता.

"आनी येक शेर."

"तो कशाचा?"

"आडयांनी खाल्लं ते येगळं पाटील. हरभरा माज्या कोंबड्यानं बी टिपलाय की. साहेबाच्या कागदात होतंच न्हवं, मुर्गा भी?"

बाहेर गाव उभं होतं आणि हुकमात जिम्मा पाटलाचा होता. त्यानं मोजून दिल्या: चार पायल्या आडयांच्या, आणि वर एक शेर 'भी'चा.